नजरेच्या भरवशावरचे आकाश

७ एप्रिल १९२२. उत्तर फ्रान्समधला पिकार्डी प्रांत. लंडनजवळच्या क्रॉयडनहून टपाल घेऊन पॅरिसला निघालेले एक विमान आणि पॅरिसहून तीन प्रवाशांना घेऊन क्रॉयडनकडे येणारे दुसरे विमान ग्रांव्हिलिएर गावाजवळ समोरासमोर आदळले. हवा धुकट होती. दोन्ही वैमानिक जेमतेम दीडशे मीटर उंचीवरून, खालचा रस्ता नजरेत धरून चालले होते आणि रस्ता एकच होता. दोन्ही विमानांतली मिळून सात माणसे गेली. प्रवासी विमानांची हवेतली ही पहिली टक्कर.

आज धुळ्याला किंवा गोंदियाला विमान चालवायला शिकणारा विद्यार्थी परीक्षेसाठी एक तक्ता पाठ करतो. त्यात ए ते जी असे आकाशाचे सात वर्ग असतात. प्रत्येकात व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजर ठेवून करायच्या उड्डाणासाठी, किती किलोमीटर दिसले पाहिजे आणि ढगापासून किती लांब राहायचे याचे आकडे असतात. तक्ता रुक्ष आहे आणि विसरायलाही सोपा आहे. पण माणसाच्या डोळ्यावर किती विसंबायचे, या एकाच प्रश्नाची सत्तर वर्षांतली उत्तरे त्यात साठली आहेत, आणि बरीचशी उत्तरे माणसे मेल्यावर सापडलेली आहेत. ती गोष्ट विद्यार्थ्याला तक्त्याच्या आधी सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला आकाशाला नियम मिळाले ते समुद्राचे. १९१९च्या पॅरिस कराराने प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशाचे संपूर्ण स्वामित्व दिले आणि सोबत जहाजांची शिस्त हवेत आणली. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा दिसतो त्याने वाट द्यायची. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्या टोकाला हिरवा. रात्री उजवीकडून आडव्या येणाऱ्या विमानाचा लाल दिवाच आपल्याला दिसतो, म्हणजे वाट द्यायची कोणी हे रंगच सांगतो. ही रचना इतकी नेमकी होती की ती आजही जशीच्या तशी शिकवली जाते. मात्र तिच्या मुळाशी एक गृहीत होते. दोघे एकमेकांना वेळेत पाहतील, हे ते गृहीत. पिकार्डीत नेमके तेच कोसळले. त्यानंतर ठरावीक मार्ग आणि मार्गाची उजवी बाजू धरण्यावर भर आला, पण भिस्त डोळ्यावरच राहिली.

दुसरे काही हातात नव्हतेच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या एका इंजिनाच्या पस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. नकाशा, होकायंत्र आणि खालची जमीन एवढ्यावर तो प्रवास झाला. पावसाळ्यात जुहूचा तळ चिखलात जाई, तेव्हा विमाने पुण्याहून उडत. त्या काळी व्हीएफआर म्हणजे नियमांचा एक प्रकार नव्हता, उड्डाण म्हणजेच ते होते.

पर्याय तयार होत होता दुसरीकडे. २४ सप्टेंबर १९२९ला न्यूयॉर्कजवळ जिमी डूलिटल झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे उडाले, फिरले आणि उतरले. पुढच्या आसनावर सुरक्षेसाठी एक वैमानिक होता. ढगात उडता येते हे सिद्ध झाले आणि लगेच नवा पेच आला. ढगातली दोन विमाने एकमेकांना कशी पाहणार? त्यांना वेगळे ठेवायला जमिनीवर कोणीतरी हवे. १ डिसेंबर १९३५ रोजी नेवार्कला विमान कंपन्यांनी स्वतःच असे केंद्र उघडले आणि पुढच्या जुलैत अमेरिकी सरकारने ते ताब्यात घेतले. फळ्यावर वेळा लिहून आणि नकाशावर ठोकळे सरकवून ती माणसे अंतर राखत. क्रॉयडनभोवतीही असा टापू आखला गेला, जिथे हवा बिघडली की टॉवरच्या आज्ञेशिवाय शिरता येत नसे. हवा चांगली असेल तर डोळा, वाईट असेल तर नियंत्रक, अशी वाटणी झाली. १९४४च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, हीच वाटणी जगभरच्या नियमांत घातली.

ती मोडली ३० जून १९५६ रोजी, ग्रँड कॅन्यनवर. लॉस एंजेलिसहून टीडब्ल्यूए कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि युनायटेड कंपनीचे डीसी-७ ही प्रवासी विमाने तीन मिनिटांच्या अंतराने निघाली. टीडब्ल्यूएने २१,००० फुटांची उंची मागितली. तिथे युनायटेड होते म्हणून नकार मिळाला. मग वैमानिकाने ढगांच्या माथ्यावर हजार फूट राहून उडण्याची मुभा मागितली. ती मिळाली आणि विमान पोहोचले त्याच २१,००० फुटांवर. फरक इतकाच, की आता दुसऱ्याला पाहून टाळण्याची जबाबदारी वैमानिकाची होती. दोन्ही विमाने पेंटेड डेझर्टवरची रेषा एकाच मिनिटाला, १० वाजून ३१ मिनिटांनी ओलांडणार, हा अंदाज सॉल्ट लेक सिटीच्या नियंत्रकाकडे आलेला होता. पण ते आकाश अनियंत्रित होते आणि तिथे सावध करणे हे त्याचे काम नव्हते. दोन्ही विमानांतले १२८ जण गेले.

या अपघातात मला सर्वांत अस्वस्थ करते ती ही गोष्ट, की त्यात कोणी नियम मोडल्याचे दिसत नाही. नियमच अपुरा होता. धडकेच्या वाटेवर असलेले विमान काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे थांबते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. आपल्या डोळ्याला हलणारे चटकन दिसते, थांबलेले दिसत नाही. दिसल्यावरही ओळखणे, निर्णय घेणे आणि विमानाने वळणे यांना मिळून अमेरिकी मार्गदर्शिका साडेबारा सेकंद धरते. १९५८मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून फेडरल एव्हिएशन एजन्सी स्थापली आणि वरच्या आकाशातून डोळ्याचा अधिकार काढून घ्यायला सुरुवात केली. आज तिथे १८,००० फुटांपासून ए वर्ग सुरू होतो. कितीही निरभ्र असो, व्हीएफआरला तिथे प्रवेश नाही.

खाली, विमानतळांभोवती, प्रश्न शिल्लक राहिला. २५ सप्टेंबर १९७८, सॅन डिएगो. उतरू पाहणाऱ्या पीएसए कंपनीच्या बोइंग ७२७ला पुढच्या छोट्या सेसना विमानाची सूचना मिळाली होती, आणि ते दिसल्याचे वैमानिकांनी कळवलेही होते. मग ते नजरेतून सुटले आणि हे नियंत्रकाला स्पष्टपणे कळले नाही. सेसनात उपकरणांवरच्या उड्डाणाचा सराव चालू होता. जमिनीवरच्यांसह १४४ जण मेले, तेही स्वच्छ सकाळी. डोळा न दिसल्याने चुकतो तसा भलतेच दिसल्यानेही चुकतो, आणि याचा मुंबईलाही अनुभव आहे. सप्टेंबर १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि पुढे घसरत गेले. त्याआधी १९५३मध्ये बीओएसीचे कॉमेट असेच तिथे उतरले होते.

३१ ऑगस्ट १९८६ला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एक छोटे पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित टापूत शिरले. एअरोमेक्सिकोच्या डीसी-९शी त्याची टक्कर झाली आणि ८२ जण गेले. पायपरमध्ये उंची कळवणारा ट्रान्सपाँडर नव्हता. यानंतर मोठ्या विमानतळांभोवतीच्या ३० सागरी मैलांत तो सक्तीचा झाला आणि प्रवासी विमानांत टक्करसूचक यंत्र आले.

तोवर प्रत्येक देशाने आपापल्या टापूंना आपापली नावे दिली होती. परदेशी वैमानिकाला ती उलगडत नसत. १९९०मध्ये आयकाओने सात अक्षरे स्वीकारली आणि अमेरिकेने सप्टेंबर १९९३पासून आपले जुने टापू त्यांत बसवले. अक्षरांची उतरंड म्हणजे भरवशाचीच उतरंड आहे. बी वर्गात नियंत्रक सर्वांना सर्वांपासून वेगळे ठेवतो. सी वर्गात व्हीएफआरला आयएफआरपासून, म्हणजे उपकरणांवरच्या उड्डाणापासून, वेगळे ठेवतो, पण दोन व्हीएफआर विमानांना एकमेकांची केवळ माहिती देतो. डी वर्गात व्हीएफआरला परवानगी आणि माहिती मिळते, अंतर ज्याचे त्याने राखायचे. ई वर्गात व्हीएफआरला परवानगीही लागत नाही, आणि जी वर्ग तर अनियंत्रितच.

आकडेही याच हिशेबाने वाचावेत. १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, त्याच्या वर ८. ढगापासून आडवे दीड किलोमीटर, उभे ३०० मीटर, कारण ढगातून अचानक बाहेर येणाऱ्या आयएफआर विमानाला दिसायला तेवढी जागा लागते. खाली वेगाची मर्यादा साधारण २५० नॉट असते. समोरून शंभर नॉटचे प्रशिक्षण विमान आले तर ५ किलोमीटर २८ सेकंदांत संपतात. साडेबारा सेकंद वजा करा, हाती पंधराएक सेकंद उरतात. जेटच्या उंचीवर ४५० नॉटची दोन विमाने समोरासमोर असतील तर ८ किलोमीटरला १७ सेकंदच पुरतात. वरचे आकाश डोळ्याला का बंद झाले, हे या वजाबाकीत दिसते.

भारताने बराच काळ डी, ई, एफ आणि जी एवढेच वर्ग वापरले, पण व्हीएफआरवर वेगळी बंधने घातली. असे उड्डाण १५० फ्लाइट लेव्हलच्या, म्हणजे सुमारे १५,००० फुटांच्या, वर नको. सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंतही नको, अपवाद नियंत्रकाने परवानगी दिलेल्या स्थानिक आणि फ्लाइंग क्लबच्या सरावाचा.

आकाशाची सर्वांत ताजी वाटणी जमिनीला लागून झाली आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनंतर देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत आला. विमानतळांपासून दूर, हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येते. त्या थरात उडणाऱ्या यंत्रात पाहणारा कोणीच बसलेला नसतो. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, शेवटचे वळण घेऊन उतरणारा शिकाऊ वैमानिक मात्र त्याच उंचीतून जातो, आणि चुकार ड्रोन वेळेत दिसण्यासाठी त्याच्यापाशी अजून डोळेच आहेत.