वाघोबाच्या मुलखातली कवटी

पालघरहून मनोरच्या अंगाला निघालं, की पाड्यांच्या आसपास कुठे ना कुठे वाघोबा भेटतो. कधी शेंदूर फासलेला दगड, कधी जमिनीत रोवलेली लाकडी फळी; फळीवर वाघ आणि वर चंद्र-सूर्य. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून अशी दीडशेच्या आसपास ठाणी रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवली. त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला वारली या देवाला मान देतात.

इंग्रज साहेबाला मात्र वाघ वेशीवर नको होता, दिवाणखान्यात हवा होता. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वेमार्ग जोडला गेला आणि हे रान मुंबईला जवळ आलं. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इथल्या वाघ-बिबळ्यांची नोंद आहे. मारलेलं जनावर भिंतीवर न्यायच्या तऱ्हा दोन. एक, कातडं आतून भरून मुंडकं जिवंत भासवायचं. दुसरी, नुसती कवटी साफ करून लाकडी ढालीवर ठोकायची. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे हरणांची शिंगं अशीच कवटीसकट लावत. म्हणून या तऱ्हेला शिकारी ‘युरोपियन माउंट’ म्हणतात.

ढालीवरची पांढरीशुभ्र कवटी बघून मागच्या घाणीची कल्पना येत नाही. आधी कातडं, डोळे, जीभ काढायची. मेंदू बाहेर काढायला कवटीच्या मागचं, मज्जारज्जूचं भोक असतं. त्यातून वाकवलेली तार फिरवून, पाणी मारून तो खरवडायचा. पुढे घाईचा माणूस कवटी खळाखळा उकळतो आणि फसतो. चरबी हाडात मुरते आणि वर्षभराने कवटी पिवळी पडते, दातांनाही तडे जातात. सबुरीचा रस्ता म्हणजे पिपात पाणी भरून कवटी कुजू द्यायची. कोकणातल्या उकाड्यात जंतू हे काम आनंदाने करतात, फक्त पिंप घरापासून लांब हवं. पाणी ओतताना खाली फडकं धरलं नाही, तर सुटलेले बारीक दात त्या पाण्याबरोबर जातात. संग्रहालयांत मांस खाऊन हाड लख्ख करणारे किडे पाळतात. या कामात त्यांच्याइतका सफाईदार हात माणसाचा नाही. शेवटी उजळवायला हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीचिंग पावडरने हाडाचा भुगा होऊ लागतो.

हीच मेहनत मुंबईत दुसऱ्या हेतूनेही चालली होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. संग्रहाला जागा दिली हर्बर्ट फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने. सोसायटीच्या कचेरीत सचिवाच्या खुर्चीमागे विल्यम नावाचा जिवंत धनेश वर्षानुवर्षं मुक्कामाला होता. अशा ठिकाणी हाडांचं कौतुक कोणाला वाटणार! १९०८ मध्ये लहानग्या सालिम अलींनी आपण मारलेली चिमणी ओळखून घ्यायला इथलीच पायरी चढली. पक्ष्यांची कातडी टिकवायचं कसब ते इथेच शिकले. १९११ मध्ये सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, सुरुवात खानदेशातून. इथे कातडं एकटं चालत नसे. जात नक्की करायला दाढा आणि कवटीची मापं लागत, म्हणून कातड्याला आणि कवटीला एकच क्रमांक. शिकाऱ्याला सुळ्यांची लांबी हवी होती, अभ्यासकाला दाढांची रांग.

बाजार मात्र शिकाऱ्याचाच मोठा. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन कारखान्यात सुमारे १९०० पासून १९९९ पर्यंत ४३ हजारांवर वाघ-बिबळे भरले गेले असावेत, असा अंदाज दिला जातो. हा आकडा वाचून कसबाचं कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, हे कळत नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ संपवला. कातडं, शिंग, नख, दात या सगळ्याला कायद्यात ‘ट्रॉफी’च म्हणतात. शिकारीचा बडेजाव त्या शब्दात तसाच राहिला, मालकी मात्र सरकारकडे गेली. आजोबांच्या काळातली कवटी घरात असली तर तिचं प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये सरकारने न नोंदवलेला साठा जाहीर करायला १८० दिवस दिले होते.

कसब संपलं नाही, त्याचा पत्ता बदलला. २००९ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वन खात्याचं टॅक्सीडर्मी, म्हणजे कातडं भरण्याचं, केंद्र सुरू झालं. तिथे परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. संतोष गायकवाडांनी मेलेल्या वाघ-बिबट्यांना रूप दिलं. बाकीच्या बहुतेक बिबट्यांच्या वाट्याला शवविच्छेदन आणि सरण येतं. पंचनाम्यात नखं आणि सुळे शाबूत आहेत ना, हे आधी तपासतात आणि मगच काडी ओढतात.