दिसावरच्या कमाईची गावे

माटुंग्याची रुइया आणि पोदार ही दोन महाविद्यालये, एक १९३७ चे, दुसरे १९४१ चे, पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीची. मुंबईत ही दोन नावे रोज हजारो तोंडी असतात. पण एक नाव रामगढचे आणि दुसरे नवलगढचे, म्हणजे राजस्थानच्या वाळूतल्या दोन लहान गावांचे, हे सहसा कोणाच्या ध्यानीमनी नसते. मराठीने या सगळ्या मंडळींना ‘मारवाडी’ हा एक शब्द दिला आणि काम भागवले. वास्तविक मारवाड म्हणजे जोधपूरचे राज्य. रामगढ, नवलगढ, मंडावा, फतेहपूर, लक्ष्मणगढ ही गावे शेखावाटीतली. पंधराव्या शतकातल्या राव शेखाच्या वंशजांनी धरून ठेवलेला हा मुलूख नावाला जयपूरच्या छत्राखाली होता, पण कारभार ज्याच्या-त्याच्या ठाकुराचा. आज तो मुख्यतः सीकर आणि झुंझुनू या जिल्ह्यांत येतो. लगतचे चुरू बिकानेरच्या राज्यातले असले, तरी घडण तीच. जयपूर-जोधपूर-जैसलमेर अशी धावती सहल करणाऱ्याच्या वाटेत ही गावे येत नाहीत. आलीच, तर एका दुपारीत उरकली जातात.

त्या दुपारीत ऐकायला मिळणारी गोष्ट ठरलेली असते. इथून उंटांचे तांडे जात, त्या व्यापारात शेठ गबर झाले, त्यांनी हवेल्या बांधल्या, भिंती रंगवल्या, आणि झाली ‘उघड्यावरची चित्रशाळा’. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिचा कालक्रम उलटा आहे. शेखावाटीच्या बहुतेक चित्रित भिंती साधारण १८३० ते १९३० या शंभर वर्षांतल्या आहेत, आणि तांड्यांचा व्यापार ओसरला तो नेमका याच काळात. म्हणजे वाट वाहती होती तेव्हा भिंती तुलनेने साध्या होत्या, आणि वाट आटली तेव्हा त्यांना रंग चढला. याचा उलगडा एकच दिसतो: या हवेल्या वाळवंटाच्या कमाईच्या नाहीतच. गाव सोडून गेलेल्या माणसांनी परमुलखातून पाठवलेल्या पैशाची ही घरे आहेत. ज्याने बांधली तो त्यांत फारसा राहिला नाही, आणि तो राहणार नव्हता म्हणूनच त्यांना हे रूप आले.

तांड्यांचा काळ खोटा होता असे मात्र नव्हे. गुजरातची बंदरे आणि सिंध एका बाजूला, दिल्ली-भिवानी दुसऱ्या बाजूला, आणि मधे हा पट्टा. ठाकुरांनी जकात हलकी ठेवली की माल त्यांच्या हद्दीतून जाई. जड केली की व्यापारी बिऱ्हाड हलवत. चुरूच्या पोद्दारांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लोकरीवरच्या जकातीवरून तिथल्या ठाकुराशी बिनसले, तेव्हा त्यांनी चुरू सोडले आणि १७९१ मध्ये सीकरच्या हद्दीत रामगढ वसवले. ते पुढे ‘सेठांचे रामगढ’ म्हणूनच ओळखले गेले. (पुढे १८१४ मध्ये बिकानेरच्या फौजेने चुरूला वेढा घातला आणि दारूगोळा संपल्यावर ठाकुराने चांदीचे गोळे डागले, अशी दंतकथा आहे. खरी असेल तर लोकरीची जकात फारच महागात पडली म्हणायची.) पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०८ मध्ये काबूलच्या वकिलातीवर निघाला, तो याच वाटेने बिकानेरला गेला. त्याआधी, १७९९ मध्ये, मराठ्यांचा सरदार वामनराव आणि जॉर्ज थॉमस हा आयरिश भाडोत्री सेनानी जयपूरकरांकडून खंडणी वसूल करायला फतेहपूरवर चालून आले. त्या लढाईत पहिली झुंज झाली ती विहिरीसाठी. गावकऱ्यांनी विहिरी बुजवायला घेतल्या होत्या आणि तहानेने व्याकूळ झालेल्या फौजेला उरलेली विहीर लढून घ्यावी लागली. या मुलखात संपत्ती म्हणजे आधी पाणी. विहिरीच्या चार कोपऱ्यांवरचे उंच मिनार शोभेसाठी नव्हते. लांबून येणाऱ्या तांड्याला पाणी कुठे आहे, ते सांगायला होते.

मग पाने उलटली. १८१८ मध्ये जयपूर आणि बिकानेर दोघांनीही कंपनीशी तह केले. माल कोलकाता आणि मुंबई या बंदरांकडे वळला आणि पुढे रेल्वेने उरलीसुरली खुश्कीची वाटही निकामी केली. व्यापारी मालाच्या मागे गेला. या जाण्याला तिकडे शब्द आहे ‘मुसाफिरी’, आणि जिथे जायचे तो मुलूख म्हणजे ‘दिसावर’. मुसाफिरी म्हणजे सहल नव्हे. वर्षानुवर्षांची, एकट्या पुरुषाची, परगावच्या पेढीवरची नोकरी किंवा धंदा. पिलानीचे शिवनारायण बिर्ला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईला आले, ते याच रीतीने. रामगढच्या पोद्दारांच्या ताराचंद घनश्यामदास या पेढीचा पसारा अनेक बाजारपेठांत होता आणि नव्याने निघालेल्या कितीतरी पोरांना पहिला आसरा अशाच पेढ्यांवर मिळे. कोलकात्यात त्यांच्यासाठी ‘बासा’ असत, म्हणजे आपल्याकडची खाणावळच. बायको, मुले, म्हातारी माणसे मात्र गावी. लग्ने गावी, बाळंतपणे गावी, म्हातारपणही गावी.

हवेलीची रचना या जीवनक्रमातूनच उमगते. बाहेरच्या मर्दाना चौकाला लागून बैठक, तिथे गादी-तक्के आणि मुनीम. आतला चौक बायकांचा. आपल्या वाड्यांतही चौकामागून चौक असतात, पण एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात चित्रे आहेत ती आत, मालकाने आणि त्याच्या पाहुण्यांनी पाहायची. बाहेरून तो वाडा गढीसारखा मुका. शेखावाटीत चित्रे आतही आहेत, पण सगळ्यात हौसेने रंगवली आहे ती रस्त्याकडची भिंत. घरात राहणाऱ्याला आपल्या घराची बाहेरची भिंत क्वचितच दिसते. ती दिसते गावाला. दहा-दहा वर्षे दिसावरी असलेल्या शेठचे नाव गावात चालते ठेवायचे, त्याची पत आणि मुलांची लग्ने ठरताना घराण्याचे वजन राखायचे काम या भिंतीकडे होते. हुंडीवर सही चालते तशी गल्लीत ही भिंत चाले.

भिंतींवर काय काढले आहे, तेही याच बाजूने साक्ष देते. जुन्या भिंतींवर कृष्णलीला, रामायण, ढोला-मारूची प्रेमकथा, हत्ती-घोडे. नंतरच्या भिंतींवर आगगाड्या, मोटारी, ग्रामोफोन, टोपीवाले साहेब, राणी व्हिक्टोरिया. मंडाव्याच्या नेवटिया हवेलीवर तर राइट बंधूंचे विमान आणि टेलिफोनवर बोलणारा मुलगा आहे. चित्र काढणारे ‘चेजारे’ म्हणजे गवंडीच, बरेचसे कुंभार समाजातले. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर ते गेरू, काजळी, नीळ भरत आणि अकीक दगडाने घासून चकाकी आणत. यांतल्या अनेकांनी आगगाडी पाहिलेली नव्हती; रेल्वे सीकर-झुंझुनूपर्यंत आली ती थेट १९२० नंतर. म्हणून काही भिंतींवर गाडीचे डबे म्हणजे चाकांवर मांडलेल्या हवेल्याच दिसतात. नमुने आले ते दिसावरहून, छापील कागदांवर. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत देवदेवता शेठच्या सामानातून वाळवंटात पोहोचल्या आणि तिथल्या लक्ष्म्या हळूहळू रविवर्म्याच्या लक्ष्मीसारख्या दिसू लागल्या. रंगही बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती रासायनिक निळा आणि लाल आला, ओल्या गिलाव्याचे कष्टाचे तंत्र मागे पडले आणि कोरड्या भिंतीवर झटपट काम होऊ लागले. गेरूची मंद तांबूस भिंत आणि भडक निळी भिंत यांत दोन पिढ्यांचे अंतर असू शकते.

यावर फतेहपूरचे उदाहरण पुढे करता येईल. तिथली देवडा हवेली, जी १९९८ मध्ये नादिन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने विकत घेऊन सावरली, ती १८०२ ची सांगतात. मग तांड्यांच्या पैशाची गोष्ट खरी नाही का? काही अंशी खरी. पण पायाचे वर्ष आणि भिंतीचे वर्ष एकच धरणे ही इथली नेहमीची चूक आहे. घर आजोबांचे, मजला मुलाचा आणि रंग नातवाने कोलकात्याहून पाठवलेल्या पैशाचा, असा थर इथे सर्रास आढळतो. हे थर वेगळे करायचे तर पायी हिंडावे लागते. या गावांत एकमेकांपासून बहुधा वीस-तीस किलोमीटरचे अंतर, म्हणजे उंटाची एका दिवसाची मजल. एकेका मुक्कामाला एकेक दिवस दिला, रामगढच्या छत्र्यांपासून नवलगढच्या १९०२ च्या पोदार हवेलीपर्यंत क्रमाने गेले, तर कालक्रम डोळ्यांनी दिसतो. एका दुपारीत फक्त विमान दिसते. संथ प्रवासाची हल्ली फॅशन आहे हे मान्य; पण इथे तो पुरावा वाचण्याची पद्धत आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो महाराष्ट्रातूनच यायला हवा. हा पैसा आला कुठून? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे पेटवली, तेव्हा रोष मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. दख्खनच्या खेड्यातला सावकार आणि रामगढचा शेठ यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. शेखावाटीच्या पेढ्या प्रामुख्याने मोठ्या बाजारांतल्या घाऊक उलाढालीतल्या. पण त्या उलाढालीत अफूही होती, आणि अफूचा पैसा सुप्याच्या व्याजापेक्षा स्वच्छ म्हणता येणार नाही. भिंतींवर कापूस नाही, अफू नाही, वहीही सहसा नाही. कमाईचे साधन सोडून कमाईने घेता येणारे सगळे तिथे आहे. मात्र पैसा केवळ दिखाव्यात गेला, हेही टिकत नाही. विहिरी, धर्मशाळा, पाठशाळा याच पैशाच्या. संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात चुरूजवळ बागला घराण्यातल्या विधवा सेठाणीने जोहड, म्हणजे पावसाचे पाणी धरणारा बांधीव तलाव, खोदवून लोकांना काम दिले. ‘सेठाणी का जोहडा’ आजही पाणी धरतो. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात जन्मून वर्ध्याच्या बच्छराज बजाजांच्या घरी दत्तक गेलेले जमनालाल तर १९३९ मध्ये जयपूर संस्थानात प्रजामंडळाचा सत्याग्रह करून तुरुंगात गेले. ही मुसाफिरी उलट्या दिशेची.

१९३० नंतर चित्रे थांबली. त्याच सुमारास कुटुंबेही दिसावरी जाऊ लागली. बायका-मुले कोलकाता-मुंबईला गेली, तशी गावातल्या भिंतीला सांगण्यासारखे काही उरले नाही. आज बंद हवेल्यांबद्दल वारसांच्या नावाने बोटे मोडली जातात, पण एकेका घराला पंचवीस-पन्नास वाटेकरी असले की दुरुस्तीवरही एकमत होत नाही आणि विक्रीवरही नाही. काही हवेल्यांची हॉटेले झाली, काहींत शाळा भरल्या, काही पाडून दुकाने उठली. उरलेल्यांत बाहेरच्या चौकात एक चौकीदार राहतो. त्याचा पगार अजूनही दिसावरहूनच येतो.