दाब भागिले प्रवाह

इस्त्रीच्या पट्टीवर 230 व्होल्ट, 1000 वॉट असे छापलेले असते. हजाराला 230 ने भागले की प्रवाह मिळतो, 4.35 अँपिअर. 230 ला पुन्हा त्या आकड्याने भागले की तापलेल्या तारेचा रोध कळतो, सुमारे 53 ओहम. शाळेतली मुले हे गणित दोन ओळींत सोडवतात. या दोन ओळी मात्र एका घरात जन्मलेल्या नाहीत. रोधाची ओळ राइनकाठच्या कोलोनची, शक्तीची मँचेस्टरलगतच्या सॉलफर्डची, आणि दोघींच्या वयात जवळजवळ पंधरा वर्षांचे अंतर आहे.

गेऑर्ग सिमॉन ओहम हा एर्लांगेनच्या कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. वडील स्वतःच्या बळावर गणित शिकले आणि त्यांनीच ते मुलांना शिकवले. 1817 पासून ओहम कोलोनच्या शाळेत शिकवत होता. तार लांबवत नेली तर प्रवाह कोणत्या हिशेबाने घटतो, एवढाच त्याचा प्रश्न होता. पण त्या काळच्या घटमालेत स्थैर्य नव्हते. मंडल जोडताच प्रवाह उसळी घेई आणि मग ओसरत जाई. मोजायच्या वस्तूआधी मोजमापाचा पायाच सरकत होता. 1825 च्या पहिल्या निबंधात ओहमने लॉगॅरिदमचे सूत्र मांडले, आणि ते चुकीचे निघाले.

सुटकेचा मार्ग सुचवला पोगेनडॉर्फ या संपादकाने. दोन धातूंच्या सांध्यांचे तापमान वेगवेगळे ठेवले की त्यांच्यात विद्युतप्रवाह वाहतो, हे सीबेकला 1821 मध्ये आढळले होते. ओहमने बिस्मथच्या पट्टीला दोन्ही टोकांशी तांबे जोडले, एक सांधा उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळतो आहे तोवर दोन्ही तापमाने जागची हलत नाहीत, म्हणून विजेचा दाबही हलत नाही. माझ्या मते ओहमच्या नियमाचा खरा जन्म इथे झाला. सूत्र नंतर आले. आधी हलणारी गोष्ट स्थिर करावी लागली.

मग त्याने तांब्याच्या आठ तारा घेतल्या, 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंत लांबीच्या. प्रवाहाच्या जोराने चुंबकसुई वळे, आणि ती टांगलेली तार पिळून सुई मूळ जागी आणायची. पीळ जितका जास्त, तितका प्रवाह मोठा. जानेवारी 1826 मधल्या एका मालिकेत 2 इंचांच्या तारेला 326¾ आणि 130 इंचांच्या तारेला 48½ असे आकडे आले. 7285 या संख्येला तारेची लांबी अधिक 20¼ ने भागले की आठही आकडे जवळजवळ तंतोतंत जुळतात. वाचकाने 130 मध्ये 20¼ मिळवून स्वतः भागून पाहावे. त्यातले 7285 म्हणजे दाबाची बाजू, आणि 20¼ म्हणजे उरलेल्या उपकरणाचा स्वतःचा रोध, इंचांत मोजलेला. एवढा मोठा निसर्गनियम आठ तारांतून बाहेर आला, याने मी आजही भारावून जातो.

1827 मध्ये त्याचे पुस्तक निघाले. पोल नावाच्या टीकाकाराने त्याची निर्भर्त्सना केली. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि 1833 पर्यंत त्याला धड पद मिळाले नाही. रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक आले ते 1841 मध्ये.

त्याच सुमारास सॉलफर्डच्या मद्यभट्टीवाल्याचा तरुण मुलगा जेम्स ज्यूल पाण्यात तार बुडवून थर्मामीटर पाहत होता. पाणी किती तापले हे त्याने रोध आणि प्रवाह बदलून मोजले. उष्णता रोधाच्या आणि प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, असे त्याला दिसले. त्यात ओहमचा नियम घातला की प्रवाहाचा एक अंश दाबात मिसळतो आणि उरतो साधा गुणाकार, दाब गुणिले प्रवाह.

या आकड्यांची खरी निकड तारयंत्रांना भासली. समुद्रतळाशी केबल तुटली तर किनाऱ्यावरून तिचा रोध मोजायचा आणि दर मैलाच्या रोधाने भागायचे, म्हणजे तुटलेली जागा कळे. त्यासाठी सगळ्यांचे एकक एकच हवे होते. 1861 मध्ये ब्रिटिश असोसिएशनची समिती बसली, आणि 1881 च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ठरले. पुढल्याच वर्षी विल्यम सीमेन्सने एक व्होल्ट गुणिले एक अँपिअर या शक्तीला वॉटचे नाव सुचवले.

एव्हाना एडिसनने या गणिताचा धंद्यात उपयोग करून दाखवला होता. बारीक, जास्त रोधाची तंतुतार घेतली की दिव्याला प्रवाह कमी लागतो, आणि प्रवाह कमी तर रस्त्यातले तांबेही कमी. हाच हिशेब वीज दूर नेताना जास्त कामी येतो. दाब शंभरपट केला तर तेवढ्याच शक्तीला प्रवाह शंभरावा भाग लागतो, आणि तारेत वाया जाणारी उष्णता दहा हजाराव्या भागावर येते. 1915 मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, तेव्हा घाटपायथ्याची वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली.