ग्रह : व्याख्येचा वाद

कोणत्या खगोलीय पिंडाला ग्रह म्हणावे, याविषयीचा खगोलशास्त्रज्ञांतील मतभेद. प्लूटोमुळे तो घरोघरी पोहोचला असला, तरी त्याचे मूळ सेरेसमध्ये आहे. १ जानेवारी १८०१ रोजी जुझेप्पे पियात्सी यांना पालेर्मो येथून दिसलेला सेरेस ग्रह म्हणूनच गणला गेला. पुढे मंगळ व गुरू यांच्यामधील त्याच पट्ट्यात पॅलस, जुनो व व्हेस्टा सापडले आणि तेही ग्रहच ठरले. १८४५ नंतर तेथे नवनवे पिंड सापडू लागले, तेव्हा या सर्वांची रवानगी लघुग्रहांत झाली.

प्लूटोच्या बाबतीतही हेच घडले. क्लाइड टॉमबॉ यांनी १९३० मध्ये तो शोधला, तेव्हा तो बराच मोठा असावा असा समज होता. १९७८ मध्ये शॅरन हा त्याचा उपग्रह सापडला आणि प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाव टक्क्याहूनही कमी असल्याचे उघड झाले. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे इतर पिंड सापडू लागले. २००५ मध्ये सापडलेला एरिस तर वस्तुमानात प्लूटोला मागे टाकणारा निघाला. आता एरिसला ग्रह म्हणणे किंवा प्लूटोला वगळणे भाग होते.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे मतदान घेऊन तीन अटी ठरवल्या : पिंड सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या गुरुत्वाने जवळपास गोल झालेला असावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. तिसऱ्या अटीत न बसणारे प्लूटो, एरिस व सेरेस बटुग्रह ठरले. ॲलन स्टर्न यांच्यासह अनेक ग्रहवैज्ञानिकांना हे मान्य नाही. पिंड कसा आहे ते पाहावे, कोठे आहे ते नव्हे, असे ते म्हणतात. आणि २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानाने दाखवलेल्या प्लूटोवरील नायट्रोजनच्या हिमनद्या पाहता त्यांची तळमळ समजते. गुरूच्या कक्षेतही हजारो ट्रोजन लघुग्रह आहेत, हा आक्षेपही रास्त आहे. ‘मोकळा’ म्हणजे किती, हे ठरावात सांगितलेलेच नाही.

सीमारेषा मात्र खरी आहे. खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांच्या गणितानुसार मंगळाचे वस्तुमान त्याच्या कक्षापट्ट्यातील उरलेल्या पदार्थाच्या सुमारे ५,१०० पट भरते, तर प्लूटोचे एक दशांशही नाही. आठ ग्रहांत हे गुणोत्तर मंगळाचेच सर्वांत कमी आहे. एवढी दरी असताना ठरावातील शब्द सुधारावेत, ग्रहांची संख्या बदलण्याचे कारण नाही. ही व्याख्या फक्त सूर्यमालेपुरती आहे. इतर ताऱ्यांभोवती सापडलेले हजारो ग्रह तिच्या कक्षेत येत नाहीत.