शिखरावरचा लाल मफलर

डिसेंबरात ऑफिसातल्या चौघांचा उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकचा बेत ठरलाय. सामानाची यादी केली, बेरीज केली आणि पोटात गोळाच आला. एका जाकिटात घराचा अर्धा हप्ता! शेवटी खरेदी राहिली बाजूला आणि शनिवारची दुपार तेनसिंग नोर्गेचं आत्मचरित्र पुन्हा चाळण्यात गेली.

२९ मे १९५३ ला एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंगच्या अंगावर काय होतं? बूट स्विस. वाऱ्याचं जाकीट ब्रिटिश मोहिमेनं दिलेलं. पायमोजे बायकोनं, आंग ल्हामूनं विणलेले. स्वेटर हिमालयन क्लबच्या मिसेस हेंडरसननी दिलेला. लोकरी कानटोपी अर्ल डेनमनची. हा गडी १९४७ साली परवानगी नसताना, तुटपुंज्या पैशात, तेनसिंगला घेऊन तिबेटमार्गे एव्हरेस्टला निघाला होता. आणि गळ्यात रेमंड लँबर्टचा लाल मफलर. १९५२ च्या स्विस मोहिमेत हे दोघं सुमारे ८,६०० मीटरपर्यंत जाऊन परतले होते.

म्हणजे जगाच्या माथ्यावर पोचलेला पोशाख चार घरांतून गोळा झालेला!

अर्थात ऑक्सिजन, तंबू, दोर हे सगळं मोहिमेचं होतं. तिथे काटकसर नव्हती. पण खरी गंमत त्याच पहाटेची. सुमारे ८,५०० मीटरवरच्या तंबूत हिलरीनं रात्री बूट काढून ठेवले होते. बूट मोहिमेसाठी खास बनवलेले, पण आदल्या दिवशी जरा ओले झालेले. सकाळी पाहतो तर दगड! ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात दोनेक तास गेले. तेनसिंग बूट घालूनच झोपला होता.

हे वाचताना मला माझा मागचा ट्रेक आठवला. आत सुती बनियन, वर झकास महागडं जाकीट. चढताना घाम आला, बनियन भिजलं, आणि थांबल्यावर असा काही कुडकुडलो की हाताला बुटाची नाडी बांधता येईना. शेवटी मित्रानं बांधून दिली. कापूस घाम धरून ठेवतो आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. तेव्हा मी मात्र जाकिटाच्या नावानं शंख करत होतो!

थोडक्यात काय, थंडीपेक्षा ओल वाईट. म्हणून यादी पुन्हा लिहिली. बूट नवे, मापाचे, आणि जायच्या आधी महिनाभर सिंहगडावर घालून रुळवलेले. आत घाम न धरणारा पातळ थर. त्यावर लोकर: मावशीनं विणलेला स्वेटर आहेच. सगळ्यात वर वारा अडवणारं साधं जाकीट, आणि मुक्कामासाठी जाड जाकीट भाड्यानं. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालायला.

मफलर तेवढा राहिलाय. कोणाकडे लाल असेल तर सांगा :-)