वरठीतली मोजणीची रात्र

पायाखाली खडी कुरकुरते. तिकिटावर भंडारा रोड लिहिलंय, पण तुम्ही उतरलात ते वरठीत. भंडारा इथून सातेक मैल. जायचं तर बैलांची रेंगी, नाहीतर पाय. तारीख १ मार्च १९०१. होळी चार दिवसांवर, म्हणून चांदणं भरपूर. ते सरकारनं हिशोबात धरलंय. सगळ्या हिंदुस्थानची माणसं एका रात्रीत मोजायची तर उजेड हवा, माणसं घरात हवीत, आणि आसपास जत्रा नको.

गावात शिरा. दारांवर गेरूनं घरनंबर घातलेत. कोतवालाच्या हातात कंदील, मागून मोजणीचे गुरुजी, बगलेत वही. काळ्या शाईतली नावं आधीच भरून झालीत. आज फक्त ताडून बघायची. जो घरात नाही त्याच्यावर तांबडी रेघ, जो नव्यानं आला तो तांबड्या शाईत. धर्म, जात, वय, लग्न, धंदा, भाषा, लिहिता येतं का, आंधळा-बहिरा कुणी आहे का, रकाने पुष्कळ. पण तुमची नजर त्या तांबड्या रेघांवरच अडकते.

"घरी किती जन जी?"

"पाच होते जी. आता तिघं."

गुरुजी पुढचं विचारत नाहीत. वहीला तेवढंच लागतं. १८९१ साली भंडारा जिल्ह्यात ७,४२,८५० माणसं होती. या मोजणीत ६,६३,०६२ भरतील. मधल्या दहा वर्षांत दोन दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. धानाचा मुलूख, तळी शेकड्यांनी, पण पाऊसच नाही तर तळ्यात काय येणार? रूळ तर तेव्हाही होते. १८८२ मध्ये मीटरगेज लाइन राजनांदगावला पोचली, छत्तीसगडचं धान्य नागपूरकडे न्यायला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं ती रुंद केली, आणि गेल्या वर्षी ती हावड्याला जोडली गेली. रूळ आले की गाव फुगतं, असं आपण शाळेत लिहून आलो. गुरुजींची वही तुम्ही तेव्हा पाहिली नव्हती.

पुन्हा स्टेशनावर या. गाडीतल्या माणसाला कुठल्या गावाचा धरायचा? तो ना निघालेल्या गावात, ना पोचायच्या. म्हणून फलाटावरच मोजतात आणि हातात चिठ्ठी देतात, दुसऱ्यांदा कुणी मोजू नये म्हणून. तरी सुटलेल्यांसाठी पहाटे गाड्या थांबवतात. धावती गाडी केवळ माणसं मोजायला उभी करायची, हे मला त्या सबंध खटाटोपातलं सगळ्यात हुशार काम वाटतं.

आता पुढे चला. १९२१ च्या वहीत इन्फ्लुएंझाचं मरण आहे, तिथं रेंगाळू नका. १९३१ नंतर एका रात्रीची पद्धत मोडली. मोजणी दिवसांवर, मग आठवड्यांवर गेली. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा पुढचे आकडे जुन्यांशी सरळ ताडू नका.

२८ फेब्रुवारी २०११. तोच फलाट, वर विजेच्या तारा. बाहेर भंडाऱ्याच्या सवारीसाठी ऑटोवाले ओरडताहेत, पलीकडे पोलाद कारखान्याचे दिवे. घराघरांची मोजणी ९ तारखेपासून चालली होती. जिल्हा १२,००,३३४ वर येऊन थांबेल. दहा वर्षांत साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढ, म्हणजे फारशी नाहीच.

आज रात्री उरलेत ते बेघर. देशभर त्यांची मोजणी याच एका रात्रीत होते, कारण उद्या ते कुठे असतील याचा भरवसा नाही. बाकड्याखाली गोधडी हलते. मोजणीवाला वाकतो, टॉर्च खाली धरतो, डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून.

"नाव सांगता का जी?"

गोधडीतला माणूस आधी विचारतो, "गाडी आली का?"