दिवा कोठे धरावा?

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली या गावी झाला, म्हणून ते पुष्कळांना ऐकून माहीत असते. नात्याहून महाडच्या दिशेने नातेखिंडीत आले की महामार्ग लागतो आणि जवळच डोंगराच्या कड्यात ओळीने कोरलेली लेणी दिसतात. ही गांधारपाले किंवा नुसती पाले लेणी. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्याकडे पाहणारी अशी तिसाच्या आसपास लहानमोठी बौद्ध लेणी येथे आहेत. त्यांतील एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याचे नोंदले आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत.

अशा लेण्यांत शाळेची सहल गेली की काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको. मुले मोबाईल काढतात, समोर उभी राहतात, लख्खकन उजेड पडतो आणि फोटोत एक पांढरट सपाट भिंत उमटते. अक्षरे गायब! मग कोणी भिंतीवर पाणी मारतो, कोणी खडूने रेघा भरतो. यात दुहेरी नुकसान आहे. दगड झिजतो हे एक. दुसरे असे की खडूने भरलेली रेघ ही मूळ अक्षर नसते, भरणाऱ्याचा तो अंदाज असतो. पुढचा वाचणारा दगड वाचत नाही, आधीच्याचा अंदाज वाचतो.

येथे दोष कॅमेऱ्याचा नसतो आणि उजेडही कमी पडलेला नसतो. दिवा चुकीच्या जागी असतो. छायाचित्रणाच्या इतिहासात अधिकाधिक प्रखर दिव्यांची कथा नेहमी सांगितली जाते. दिवा कोठे धरला, या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. कमी खर्चात चांगले छायाचित्र काढू पाहणाऱ्याला या दुसऱ्या कथेचा उपयोग अधिक आहे.

पौर्णिमेचा चंद्र आणि झिजलेली अक्षरे

साध्या दुर्बिणीतून चंद्र पाहायचा झाला तर कोणती तिथी निवडावी? पौर्णिमा, असे उत्तर बहुतेक मुले देतात. प्रत्यक्षात पौर्णिमेला चंद्र सपाट दिसतो. त्या दिवशी सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागून चंद्रावर प्रकाश टाकत असतो आणि प्रत्येक डोंगराची सावली त्या डोंगरामागेच दडते. अष्टमीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन तिरपे पडते, सावल्या लांबतात आणि विवरे ठसठशीत दिसू लागतात. गॅलिलिओने या सीमारेषेजवळच्या उजेड-सावलीवरूनच चंद्रावरील पर्वतांची उंची काढली आणि ती १६१० साली प्रसिद्ध केली.

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश म्हणजे पौर्णिमेचा सूर्य. शिलालेखाची रेघ दोन मिलिमीटर खोल आहे असे धरू. प्रकाश भिंतीशी ४५ अंशांचा कोन करून आला तर खाचेच्या काठाची सावली २ मिलिमीटर पडते. तोच कोन १० अंशांवर आणला तर सावली ११ मिलिमीटरांहून लांब होते, म्हणजे खाच पूर्ण काळी भरते. उलट प्रकाश सरळ समोरून आला तर सावली शून्य. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब टॅनच्या कोष्टकावरून सहज करता येईल. धातूच्या पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असले तर आम्हीही प्रयोगशाळेत दिवा असाच बाजूने, अगदी तिरपा लावतो.

एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक शिलालेखापुढे

मुंबईत छायाचित्रण फार लवकर आले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील एक नामांकित छायाचित्रकार. त्यांचे थोरले बंधू डॉ. भाऊ दाजी लाड हे वैद्यकाबरोबरच प्राचीन शिलालेखांचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते. पुढे जुनागढहून आलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनी आपल्या कामात घेतले आणि ठिकठिकाणच्या शिलालेखांच्या नकला करण्यासाठी पाठवले. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल यांनी मिळून पश्चिम भारतातील लेण्यांमधील शिलालेखांचा जो संग्रह १८८१ साली प्रसिद्ध केला, त्यात महाडच्या शिलालेखांचाही समावेश आहे.

घरातच कॅमेरा असताना भाऊ दाजींना हाताने नकला करवून घ्याव्या लागत होत्या. याचे कारण त्या काळच्या तंत्रात सापडते. तेव्हाची काच कलोडियनचा लेप ओला असतानाच वापरावी लागे. लेप लावणे, चित्र घेणे आणि ते धुऊन पक्के करणे ही सारी कामे काही मिनिटांत उरकावी लागत. त्यासाठी अंधाराचा तंबू बरोबर न्यावा लागे. हे सारे कड्यावर चढवले तरी लेण्याच्या आत उजेड अंधूक आणि सगळीकडून सारखा येणारा. अशा उजेडात झिजलेल्या अक्षराला सावलीच पडत नाही. माणसाचे बोट मात्र खाच ओळखू शकते आणि भिंतीवर दाबलेला ओला कागद तिचा ठसा घेऊ शकतो. नकला आणि ठसे यांना कॅमेऱ्यापेक्षा अधिक मान मिळाला तो यामुळे.

धुराचा उजेड

याच सुमारास युरोपात अंधारावर मात करण्याची धडपड चालू होती. पॅरिसमध्ये नादार याने १८६१ साली शहराखालच्या अस्थिभुयारांत विजेचे आर्क दिवे नेले. एकेका चित्राला १८ मिनिटांपर्यंत वेळ लागे, म्हणून कामगारांच्या जागी त्याने पुतळे उभे केले. मग मॅग्नेशियम आले. १८६५ साली पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत मॅग्नेशियम जाळून चित्रे घेतली. उजेड भरपूर होता, पण पांढरा धूर त्या कोंडलेल्या जागेत तसाच भरून राही.

१८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून क्षणात भडकणारी पूड बनवली. ही जवळजवळ फटाक्याचीच दारू. ती घेऊन न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस हा पत्रकार रात्री गरीब वस्त्यांत शिरला. ही पूड तो तळणीच्या तव्यावर पेटवत असे. १८९० साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाने त्या वस्त्यांची दैना शहरासमोर मांडली. या कामात त्याच्या हातून घरालाही आग लागली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या सर्वांचा दिवा कॅमेऱ्यापासून सुटा होता. स्फोटक पूड लाकडी कॅमेऱ्याला चिकटवणे शक्यच नव्हते. भिंगावरचे झाकण काढायचे, दिवा हातात उंच किंवा बाजूला धरून पेटवायचा आणि झाकण परत लावायचे, अशी पद्धत होती. म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर धरलेला फ्लॅश ही काही नवी कला नाही. फ्लॅशची सुरुवातच तेथून झाली.

आपल्याकडचे कसबी लोक

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत कसून भिडले ते चित्रपट काढणारे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून एक लहानसा चित्रपट बनवला आणि तो दाखवून पुढील कामासाठी भांडवल मिळवले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांचा मुख्य दिवा म्हणजे सूर्य. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांना विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तो कोल्हापुरातच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पेंटर मूळचे चित्रकार, त्यामुळे उजेड कोणत्या बाजूने येतो याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये चांदणे आणि धुके दाखवण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटातील असा हा पहिला प्रयोग मानला जातो.

याहूनही स्वस्त युक्ती अजिंठ्याने दाखवली. तेथे दाराशी पत्रा किंवा आरसा धरून बाहेरचे ऊन आत वळवण्याची रीत पुष्कळ वर्षे होती. आज अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारण्यास मनाई आहे. बिनॉय बहल यांनी तेथील चित्रे अतिशय मंद प्रकाशात, कॅमेऱ्याचे शटर दीर्घकाळ उघडे ठेवून टिपली. १९९८ साली ती पुस्तकरूपाने आली.

दिवा कॅमेऱ्याला चिकटला

१९२९-३० च्या सुमारास काचेत बंद केलेला फ्लॅशचा बल्ब निघाला आणि धूर व आग दोन्ही गेले. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ पासून वायूच्या नळीतून विजेचा झोत सोडून सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता उजेड पाडण्याचे तंत्र विकसित केले. आजचा झेनॉन फ्लॅश त्याचाच वंशज. त्यातील कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारला जातो आणि साठवलेली ऊर्जा एकदम नळीत सोडतो.

दिवा आता लहान, थंड आणि निर्धोक झाला होता. वार्ताहरांना एका हाताने काम उरकायचे असे, म्हणून तो कॅमेऱ्याच्या बाजूला आणि मग डोक्यावर बसला. १९७५ साली कोनिका कंपनीने फ्लॅश आतच बसवलेला कॅमेरा बाजारात आणला. मोबाईलमध्ये तर भिंग आणि दिवा यांच्यात बोटभरही अंतर उरले नाही. सोय वाढली आणि सावली हरवली.

संशोधकांना मात्र सावली हवीच होती. २००१ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा आणि दिवा प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला धरून अनेक चित्रे घ्यायची. मग संगणक ती एकत्र करतो आणि पडद्यावर दिवा हवा तेथून फिरवल्यासारखे करून पृष्ठभाग पाहता येतो. पुढे दिव्याची दिशा कळावी म्हणून चित्रात एक चकचकीत काळी गोळी ठेवण्याची युक्ती निघाली. गोळीवरचा चमकणारा ठिपका पाहून संगणक दिशा ओळखतो. नाणी, मातीच्या मुद्रा आणि शिलालेख वाचण्यासाठी जगभर ही पद्धत वापरली जाते. त्यासाठी लागणारी संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते.

वर्गात करून पाहावे

या प्रयोगाचा कमीत कमी खर्च शून्य आहे. दोन मोबाईल घ्यावेत, एक चित्र घेण्यासाठी आणि एक विजेरी म्हणून. वर्गात अंधार करून एखादे झिजलेले नाणे टेबलावर ठेवावे. पहिला मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर पक्का करावा आणि त्याचा स्वतःचा फ्लॅश बंद ठेवावा. दुसऱ्याचा उजेड प्रथम समोरून, मग ४५ अंशांवरून आणि शेवटी जवळजवळ टेबलाला टेकवून टाकावा. तिन्ही चित्रे शेजारी ठेवली की वेगळे सांगावे लागत नाही.

जुना सुटा फ्लॅश कोणाकडे पडून असेल तर तोही उपयोगी पडतो. मात्र काही जुन्या फ्लॅशच्या टोकांवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. तो नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवला तर कॅमेरा बिघडू शकतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे रीसची पद्धत. कॅमेरा तिवईवर ठेवावा, काळोखात शटर काही सेकंद उघडे राहील अशी योजना करावी आणि तेवढ्यात फ्लॅश बाजूला हातात धरून त्याचे चाचणीचे बटण दाबावे. तारही लागत नाही. फ्लॅश उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये, कारण बंद असतानाही कपॅसिटरमध्ये जोराचा धक्का देण्याइतकी वीज उरलेली असते.

दिवा किती दूर धरावा यालाही गणित आहे. एक मीटर रुंदीच्या लेखाच्या कडेपासून अर्ध्या मीटरवर दिवा धरला तर जवळच्या कडेला दूरच्या कडेच्या नऊपट उजेड मिळतो. तीन मीटरवर गेलो तर हे प्रमाण दुपटीच्याही आत येते. व्यस्त वर्गाचा नियम पाठ करण्याऐवजी तो असा डोळ्यांनी पाहता येतो. दिवा दूर नेल्यावर उजेड कमी पडला तर त्याच जागेवरून फ्लॅश दोन-तीनदा उडवावा. एकाच चित्रात दोन्ही बाजूंनी उडवू नये, कारण एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचा उजेड पुसून टाकतो.

हे जमले की लेण्यांकडे जावे. संरक्षित स्मारकात तिवई लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी. रंगीत चित्रांवर आणि वटवाघळांच्या वस्तीवर फ्लॅश उडवू नये. भिंतीला हात लावू नये. चारही बाजूंनी तिरपा उजेड टाकून प्रत्येक वेळी एक चित्र घ्यावे आणि त्यासोबत तारीख, वेळ, लेण्याचा क्रमांक व दिव्याची दिशा लिहून ठेवावी. अशी नोंद पाच-दहा वर्षे चालू राहिली तर पावसापाण्याने अक्षरांची किती झीज होते हेही तिच्यातून कळेल. काणभोजाचा लेख वाचण्यासाठी मग कोणालाही खडू हातात घ्यावा लागणार नाही.